पाठमोऱ्या मॅडम

आपण शिकवायला उभं राहावं आणि ज्यांनी गुण द्यायचे त्यांनीच आपल्याकडे पाठ फिरवून बसावं, हा अपमान मी आयुष्यात पहिल्यांदा एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सोसला. शेवटच्या बाकाजवळची खुर्ची मॅडमनी पायाने रेटत रेटत उलटी फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. भिंतीवर काय होतं? ओल आली होती आणि एका खिळ्याला मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं. मी घसा ताणून, रंगीत तक्ता दाखवून, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं ते शिकवत होते, आणि मॅडम कॅलेंडर बघत होत्या. लेसन संपला. मी वाट पाहत उभी राहिले. मॅडम भिंतीलाच म्हणाल्या, "एक पायरी राहिली."

"कोणती मॅडम?"

"ते मले काहून विचारतं? लेसन तुझा आहे."

बस. उठल्या आणि गेल्या. मी दिवसभर तो लेसन डोक्यात उलटा-सुलटा करत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते. माझ्यासोबत शिकणारी ज्योत्स्ना म्हणाली, "जाऊ दे ना बाप्पा, तुझी तर एकच राहिली. माझ्या वेळेस त्या काहीच बोलल्या नाही, नुसता श्वास सोडला."

मी काही कोवळी पोर नव्हते. धंतोलीच्या एका दवाखान्यात आयसीयूत बरीच वर्षं काढून आले होते. रात्रपाळ्यांनी जीव विटला होता. शिक्षिका झालं की दिवसा काम, रविवारी सुट्टी, आणि मागे 'मॅडम मॅडम' करणाऱ्या पोरी, एवढा सरळ विचार करून मी पुन्हा कॉलेजची पायरी चढले होते. नर्सिंग एज्युकेशन नावाचा विषय असतो, म्हणजे नर्सांना शिकवणाऱ्या नर्सा घडवायच्या. त्यात आम्ही बी.एस्सी.च्या पोरींच्या वर्गावर जाऊन लेसन घ्यायचे आणि मॅडमनी मागे बसून ते तपासायचे. दुसरीकडे मागे बसणाऱ्या मॅडम बोर्डावरचं अक्षर बघतात, साडीची पिन बघतात, पोरींकडे बघून हसली का तेही बघतात. आमच्या मॅडम नुसत्या कानाने गुण द्यायच्या. म्हणून पोरींनी त्यांचं नाव ठेवलं होतं रेडिओ.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. मॅडमचे हात थरथरायचे, उजवा जास्त. चालताना त्या डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरायच्या, जत्रेत पळणाऱ्या पोराचा हात धरावा तसा. कंपवाताच्या गोळ्या जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात, लोणच्याच्या बाजूला. चहा मोठ्या स्टीलच्या गिलासात, पण तळाशी घोटभरच, म्हणजे हिंदकळला तरी बाहेर येत नाही. बोर्डावर त्यांनी कधी खडू टेकवला नाही. त्या सांगायच्या आणि आमच्यापैकी कोणी तरी लिहायचं.

नर्सचा हात जातो म्हणजे काय जातं, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. ज्या तान्ह्या लेकरांची नस कोणालाच सापडायची नाही ती मॅडमकडे आणायची, असं जुन्या सिस्टर सांगत. तो हात गेला. दुसरी कोणी असती तर रडली असती, नाही तर घरी बसली असती. मॅडमनी काय केलं, तर शिकवण्यातून हातच काढून टाकला. त्यांच्या वर्गाचा नियम एकच. सांगणाऱ्याने बोट लावायचं नाही, आणि करणाऱ्याने सांगितल्याशिवाय हलायचं नाही.

पहिल्याच तासाला त्यांनी मला आणि ज्योत्स्नाला पुढे बोलावलं. मला म्हणाल्या, "हिले वेणी घालायले शिकव. हिनं जन्मात वेणी पाहिली नाही समज."

मला वाटलं, हे काय पोरखेळ! मी म्हटलं, "केस घ्या."

ज्योत्स्नाने माझे केस धरले, तेही कपाळावरचे.

"अगं, मागचे! आणि तीन भाग करा." तिने एक भाग टाळूवरून, एक कानामागून आणि एक मानेवरून असा उपटला की डोळ्यांत पाणी आलं. "उजवीकडचा भाग मधल्यावर टाका." तिच्या उजवीकडचा की माझ्या? ज्योत्स्ना सांगितलेलं अक्षरश: करत होती आणि तिला भारी मजा येत होती. शेवटी मी कळवळून ओरडले. सगळा वर्ग खिदळला. मॅडम भिंतीकडे बघून म्हणाल्या, "पेशंट रडून राहिला वाटते."

त्या हसल्या नाहीत. मॅडमना हसताना मी क्वचितच पाहिलं, आणि मग पुढे त्यांचा चेहराच असा कडक होत गेला की हसल्या असत्या तरी कळलं नसतं.

मला सगळ्यात जास्त बोलणी बसत ती प्रात्यक्षिकाच्या खोलीत. तिथे पलंगावर एक रबरी बाहुला होता, माणसाएवढा, उघड्या तोंडाचा. पोरी त्याला काकाजी म्हणत. मॅडमचा हुकूम होता की काकाजींना हात लावायच्या आधी काय करणार ते त्यांना सांगायचं, मानाने. "काकाजी, आता कूस बदलून राहिलो, थोडं दुखंन." तर काकाजींवर मी काही करून दाखवायला लागले की माझा हात पुढे धावायचा. आयसीयूत बोलायला वेळ कोणाला असतो? हातच काम करतात. तोंडाने मी एक सांगत असे आणि हात तोवर तीन गोष्टी उरकून मोकळा.

"थांब," मॅडम पाठमोऱ्याच म्हणायच्या. खोलीतला प्रत्येक आवाज त्यांना कळायचा, कागद फाटल्याचा, झाकण उघडल्याचा. "गॉज उचलला तू. सांगतलं का? नाही. तुझा हात भल्ला शहाणा आहे वं. तो तुझ्या तोंडाले बोलूच देत नाही. त्या पोरींना काय तुझा हात घरी नेता येते? तोंडातून निघन तेवढंच नेता येते त्याईले."

मला संताप यायचा. शहाणा हात हा काय दोष झाला? ह्याच हाताने माणसं वाचवली होती. पण त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी ते ऐकलं की डबा उघडावासा वाटत नसे.

"नर्स चुकली तर तिले दिसते. पेशंट समोरच असते. शिकवणारी चुकली तर तिले कधीच दिसत नाही. मरणारा कुठच्या कुठी, दुसऱ्याच गावात मरते, अन् आपण इकडे पोटभर जेवून झोपतो."

असं बोलायचं असतं का विद्यार्थ्यांशी? उत्साह द्यायचा सोडून! पण खरं सांगते, मी तेव्हापासून कोणताही वर्ग संपवून सुखाने जेवलेले नाही.

हिवाळ्यात त्यांच्या गावाहून, काटोलकडून, हरभऱ्याचे घाटे यायचे. भावाची शेती होती. मॅडम ते जुडगे पिशवीत घालून आणायच्या आणि आम्हाला मागच्या अंगणात उन्हात बसवायच्या. तिथे त्या भिंतीकडे बघत नसत. आम्ही सोलून दाणे त्यांच्या तळव्यावर ठेवायचो, त्या तळवा तोंडाकडे न्यायच्या आणि अर्धे दाणे मांडीवर सांडायचे. सगळे त्या वेळी भलतीकडे बघत. एकदा सांडलेले दाणे बघत त्या आपणहूनच बोलल्या.

"घरी भाची आहे माझी, बेसा गावाले. चांगली पोरगी आहे, माया करते. पण सकाळी ती मले आंघोळ घालते, वेणी घालते, अन् मंग तिच्या डोळ्यात मी मावशी नसते. काम असते. तिचाही दोष नाही. इथं वर्गात आली का मी मॅडम असते. मले वर्गातून काढलं ना, तर मी नुसती एक हलणारी बाई राहीन."

ज्योत्स्ना नाक ओढत घाटे सोलत होती. मॅडम म्हणाल्या, "सोलताना बोलत जा वं. आवाज येऊन नाही राहिला."

त्याच हिवाळ्यात तपासणी समिती येणार असल्याचं कळलं. कॉलेजात रंग लागला, मोडकी टेबलं गच्चीवर गेली, भिंतीवरची ओल लपवायला तक्ते टांगले गेले. प्राचार्य सर माणूस वाईट नव्हते, पण समिती म्हटलं की त्यांचं अंग आधीच गरम व्हायचं. त्यांनी मॅडमना आमच्यासमोरच सांगितलं की, समितीला विषयाच्या प्राध्यापकाचं प्रात्यक्षिक बघायचं आहे, आणि ते प्राध्यापकानेच द्यायला हवं. "तुम्हाला जमणार नसेल मॅडम, तर तसं आधीच सांगा. विषय दुसऱ्या मॅडमकडे देऊ. तुम्ही ऑफिसमध्ये बसा. त्रास कमी होईल तुम्हालाच."

"मी देईन," मॅडम म्हणाल्या. "तोंड माझं, हात हिचा." आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

मी घाबरलेच. "मीच काहून मॅडम? ज्योत्स्ना आहे ना. माझा हात तर तुम्हाला चालतच नाही."

"तुझ्या हातावर माझा भरवसा आहे," त्या म्हणाल्या.

एवढ्या महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. मी त्या दिवशी सीताबर्डीपर्यंत पायी चालत गेले, स्कूटी कॉलेजातच विसरून.

प्रात्यक्षिक ठरलं ते नाकातून पोटात नळी घालून दूध देण्याचं. ज्याला घास नीट गिळता येत नाही त्याला असंच जेवू घालतात. आम्ही रोज तालीम करायचो. मॅडम पलंगाकडे पाठ करून बसायच्या आणि सांगायच्या, मी करायची. पण रेडिओचा आवाज आता बारीक होत चालला होता. त्या आजारात आवाजही बसतो. आणि मधेच कधी तरी त्या थांबायच्या. पुढचा शब्द सापडायचा नाही. मी हातात नळी घेऊन काकाजींच्या रबरी कानाकडे बघत उभी राहायची. मग तो शब्द सापडायचा आणि गाडी पुढे निघायची. मी आणि तालीम बघायला बसलेली ज्योत्स्ना बाहेर आलो की ती हळूच म्हणायची, "मॅडम विसरून राहिल्या वं."

"चूप बस," मी म्हणायची. मला माहीत नव्हतं असं थोडंच होतं?

समिती आली. त्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, त्यांचंच सगळे ऐकत. मॅडम खुर्चीवर पाठमोऱ्या बसल्या तेव्हा समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. प्राचार्य सर घाईघाईने म्हणाले, "ही मॅडमची स्वत:ची पद्धत आहे," आणि रुमालाने कपाळ पुसलं. मी काकाजींजवळ उभी. ज्योत्स्ना समोर भिंतीला टेकून.

मॅडम बोलायला लागल्या आणि मी चाट पडले. आवाज बारीक होता पण स्वच्छ, एकेक शब्द निवडलेल्या डाळीसारखा. काकाजींना सांगा. डोकं वर करून बसवा. नळीचं टोक नाकाच्या शेंड्याला लावा, तिथून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. खूण करा. आता घोट गिळायला सांगा, प्रत्येक घोटाबरोबर थोडी आत सरकवा. मी आंधळी असते तरी मला ते करता आलं असतं. पांढऱ्या केसांच्या बाई पुढे वाकून ऐकत होत्या. माझ्या मनात आलं, जिंकल्या मॅडम.

"नाकावर पट्टी चिकटवा," मॅडम म्हणाल्या. मी चिकटवली. "आता सिरिंज लावा. दूध हळूहळू सोडा."

माझा हात जागच्या जागी थांबला.

पट्टी आणि दूध यांच्या मध्ये एक पायरी असते. नळी पोटातच गेली आहे की चुकून श्वासनळीत, हे बघायचं असतं. सिरिंजने थोडं ओढायचं, पोटातलं पाणी येतं का बघायचं, आणि मगच दूध सोडायचं. नळी श्वासनळीत असेल आणि तुम्ही दूध सोडलं तर तो माणूस तुमच्या डोळ्यांदेखत गुदमरून मरतो. पहिल्या वर्षाच्या पोरीकडूनही हे आधी घोकून घेतात. रोजच्या तालमीत मॅडम हीच पायरी दोनदा सांगायच्या. आज त्या विसरल्या होत्या, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. पाठ ताठ करून बसल्या होत्या, पुढे काय होतं ते ऐकत.

नियम काय, तर सांगितल्याशिवाय हलायचं नाही. सांगितलं ते करायचं. मी सरळ दूध सोडलं असतं तर समितीने तिथेच थांबवलं असतं, आणि मॅडम कायमच्या ऑफिसात. समोर ज्योत्स्नाने डोळे मोठे केले. मी ठरवलं वगैरे काही नाही. हातानेच केलं. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला, काकाजींच्या पोटात आम्हीच भरलेलं पाणी नळीतून वर आलेलं पाहिलं, समितीलाही दिसेल असं धरलं, आणि मग दूध सोडलं.

सगळं पार पडलं. पांढऱ्या केसांच्या बाईंनी आपणहून टाळ्या वाजवल्या. "इतक्या वर्षांत असं प्रात्यक्षिक पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. प्राचार्य सरांच्या चेहऱ्यावर दिवाळी. आतून मी नाचत होते. वाचल्या मॅडम! बाई उठून मॅडमच्या खुर्चीकडे निघाल्या.

मॅडम उठल्या नाहीत. भिंतीलाच म्हणाल्या, "एक पायरी राहिली."

"नाही नाही, सगळं झालं," बाई म्हणाल्या. "आम्ही पाहिलं ना."

"झालं. पण मी सांगतलं नाही. तिनं केलं." मॅडमचा आवाज एवढासा झाला होता. "नळी पोटात आहे का ते पाहा, असं मी बोललीच नाही. दट्ट्या ओढल्याचा आवाज आला मले. तिच्या जागी पहिल्या वर्षाची पोरगी असती, तर तिनं माझं ऐकलं असतं. काकाजी मेले असते."

प्राचार्य सर कसेबसे हसले. "मॅडम थकल्यात आज. सकाळपासून..."

"थकली नाही सर. विसरली."

मग त्यांनी पायाने रेटत खुर्ची फिरवली, आम्हा सगळ्यांकडे तोंड करून. त्याला बराच वेळ लागला आणि कोणी मदतीला पुढे गेलं नाही. मांडीवर दोन्ही हात उघडे पडले होते आणि जोरजोरात हलत होते. "विषय दुसऱ्या कोणाले देऊन द्या," त्या म्हणाल्या.

मी त्यांना फाटकाबाहेर गाठलं, ऑटो थांबतात तिथे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आयुष्यात कोणत्या शिक्षकाशी मी अशी बोललेली नाही.

"काहून बोलल्या तुम्ही? कोणाले काहीच समजलं नव्हतं!"

"मले समजलं ना."

"नुसतं चूप बसायचं होतं मॅडम. खोटं थोडीच बोलायचं होतं? टाळ्या वाजवून राहिल्या होत्या त्या!"

"आज चूप बसली असती तर उद्या वर्गात बसली असती," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून डोळे बारीक केले होते. "अन् मंग? हात गेला तवा मी तोंडावर चालली. आता तोंडही चाललं. तू जन्मभर माझ्यामागं उभी राहणार होती काय वं?"

"राहिली असती!" मी ओरडले. रस्त्यावर उभी राहून मी रडत होते.

"भैताड आहेस तू," त्या म्हणाल्या, आणि वेड्या पोरीला म्हणावं तसं इतक्या मायेने म्हणाल्या की मला आणखीच रडू आलं.

ऑटो आला. मॅडम पाय उचलायला गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पाय जमिनीला चिकटल्यासारखा. या आजारात होतं असं, मनाने सांगितलेलं पायाला पोचत नाही. मात्र बाहेरून कोणी सांगितलं तर कधी कधी पोचतं. ऑटोवाला वैतागून मागे बघत होता. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मॅडम, डाव्या हाताने दांडा धरा. उजवा पाय उचला. आत ठेवा. आता दुसरा." त्या चढल्या. बसल्यावर माझ्याकडे एकदा पाहिलं.

त्यानंतर त्या ऑफिसात बसू लागल्या. तिथे त्यांची खुर्ची सरळ असायची, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तोंड करून, आणि ते मला बघवायचं नाही. आमचा विषय नव्या मॅडमनी घेतला. त्या स्लाइड छान करायच्या, समोर बसायच्या, हसून मान डोलवायच्या. त्यांनी मला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. एक पेढासुद्धा वाटावासा वाटला नाही मला. पुढच्या वर्षी मॅडमनी कॉलेज सोडलं.

एक प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. सांगेल तेवढंच करणारी ज्योत्स्ना होती, आणि माझा हात न सांगता चालतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी मलाच का निवडलं? आपण कुठे तरी विसरणार हे त्यांना आधीच कळलं होतं का? आणि कळलं होतं, तर मग सांभाळून घेतल्यावर सगळं स्वत:च का मोडून टाकलं? मला वाटतं, बाई शेवटपर्यंत वर्गात राहायला तडफडत होती, आणि दट्ट्याचा तो आवाज कानांवर पडला तेव्हा तिला गप्प राहणं जमलं नाही. मी आता दुसऱ्या कॉलेजात शिकवते. पोरींच्या लेसनला मागच्या बाकावर बसते, समोर तोंड करून. पाठमोरी बसून पाहिलं एकदा. माझे कान तेवढे नाहीत.

आणि माझा राग गेला नव्हता. वर्षानुवर्षं मी त्यांना भेटायला गेले नाही, त्याला वेळ नव्हता, लांब पडतं, अशी शंभर कारणं सांगता येतील. खरं कारण राग. आपण एखाद्याला बुडताना ओढून काढावं आणि त्याने हात सोडवून घेऊन पुन्हा उडी मारावी, तसा राग.

या उन्हाळ्यात त्यांच्या भाचीचा फोन आला. "मावशी आता जास्त दिवस काढन असं वाटत नाही. तुमचं नाव घेतलं होतं एकदा." मी गेले. बेसाला वावरं होती तिथे आता नुसत्या फ्लॅट स्कीमा, घर शोधायला तासभर फिरले. भाची सदर भागातल्या एका ऑफिसात कामाला जायची, आता तिने रजा घेतली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या.

"बोलतच नाही आता," ती दारातच म्हणाली. "गिळता येते अजून, डॉक्टर म्हणे तोंडानंच द्या. पण हातात चमचा दिला तर धरूनच बसते. मंग मीच भरवते. भरवलं का डोळे मिटून घेते."

मॅडम कूलरसमोर खुर्चीत होत्या. हाडं आणि कातडी. चेहरा काकाजींसारखा, काही उमटत नव्हतं त्याच्यावर. डोळे मात्र माझ्यावर आले आणि तिथेच राहिले. मी पाया पडले. राग कुठे गेला कोण जाणे. भाचीने मऊ खिचडीची वाटी आणली आणि भरवायला बसू लागली.

"थांब," मी म्हटलं. "त्यांना जेवू दे."

वाटी मी त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवली. समोर बसले आणि माझे दोन्ही हात ओढणीखाली घेतले.

"मॅडम, उजव्या हाताने चमचा धरा."

काही झालं नाही. भाची उसासा टाकून उठणार होती. मग तो हात हलला, रखडत रखडत वाटीपाशी आला आणि बोटं चमच्याभोवती मिटली.

"चमचा खिचडीत घाला. भरा. आता वर उचला. तोंडाजवळ आणा."

खिचडी सांडत होती, मांडीवर, स्टुलावर. माझा शहाणा हात ओढणीखाली वळवळत होता. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. चमचा ओठांशी आला आणि थांबला. थांबला तो थांबलाच. घास खाली ओघळायला लागला. "पाहा ना ताई," भाची रडवेल्या आवाजात म्हणाली, "असंच होते रोज." तिने चमचा धरायला हात पुढे केला आणि मी तो अडवला.

मॅडमचे डोळे माझ्यावर होते. ओठ हलल्यासारखे वाटले. मी वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"एक पायरी राहिली," मॅडम म्हणाल्या.

मी सरळ बसले. डोळ्यांतलं पाणी तसंच राहू दिलं, कारण हात बाहेर काढायचा नव्हता.

"तोंड उघडा, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी तोंड उघडलं.